पाचाचे दहा करून देणारा सुभेदार

वाचक भगिनीचे पत्र, थोडे संक्षिप्त करून:

"देवबागला, कर्ली खाडी आणि समुद्र यांच्या मधल्या पट्टीवर, आमचे चार खोल्यांचे घरगुती निवास आहे. मी आणि सासूबाई मिळून ते चालवतो. हे मासेमारीच्या बोटीवर असतात. दिवाळीनंतर एका गृहस्थांचा फोन आला. आपण लष्करात सुभेदार असून बेळगावला नेमणुकीवर आहोत, तीन कुटुंबे चार रात्रींसाठी येणार आहेत, असे त्यांनी सांगितले. भाड्याबद्दल एका शब्दाची घासाघीस केली नाही. गणवेशातला फोटो आणि ओळखपत्र पाठवले, आणि 'गेटपास'साठी म्हणून माझे आधार कार्ड व घराचे फोटो मागून घेतले. मग लेखा विभागातील 'कॅप्टन' म्हणून दुसऱ्याच माणसाचा फोन आला. लष्कराच्या खात्यातून पैसे यायचे तर आधी पडताळणी लागते, पाच रुपये पाठवा, दहा परत येतील, असे तो म्हणाला. पाठवले, आणि खरोखर दहा आले. नंतर त्याने क्यूआर कोड पाठवला व चोवीस हजार टाकून पिन द्यायला सांगितले. पडद्यावर नाव कोणा भलत्याचेच दिसत होते. ते आमच्या शिपायाचे खाते, असे उत्तर मिळाले. चोवीस हजार गेले. व्यवहार उलटा झाला, पुन्हा करा म्हणजे दोन्ही एकत्र परत येतील, असे तो म्हणाला, आणि मी पुन्हा केले. एकूण अठ्ठेचाळीस हजार. लाजेने चार दिवस घरातही बोलले नाही. पुढे फेसबुकवरच्या एका गटात हकिगत लिहिली, तेव्हा दुसऱ्याच दिवशी सायबर शाखेतून बोलतो म्हणून एकाचा फोन आला. अडीच हजार रुपये फाइलचे भरले तर रक्कम सोडवून देतो, असे तो म्हणतो. आज अकरावा दिवस आहे. ते अडीच हजार भरू का? पैसे परत मिळतील का? आणि इतकी मी कशी फसले?"

ताई,

तुमचे पत्र सदरात छापून येईपर्यंत थांबणे शहाणपणाचे नव्हते, म्हणून अडीच हजार भरू नका, १९३० या क्रमांकावर तक्रार द्या आणि बँकेत लेखी अर्ज करून त्याची पोच घ्या, एवढे मी तुम्हाला पत्र मिळाले त्याच दिवशी कळवले होते. ते तुम्ही केल्याचे समजले. आता बाकीचे सविस्तर लिहितो, कारण तुमच्यासारखीच पत्रे या हंगामात वेंगुर्ल्यापासून दापोलीपर्यंतच्या खानावळवाल्यांकडून आणि आंब्याच्या पेट्या मुंबईला पाठवणाऱ्या बागायतदारांकडून येत आहेत, आणि त्यांतल्या बहुतेकांत कोणी ना कोणी फौजी आहे.

अडीच हजार मागणारा माणूस सायबर शाखेचा नाही. पोलीस ठाण्यात तक्रार नोंदवायला, १९३० वर बोलायला किंवा राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर (सायबरक्राइम डॉट जीओव्ही डॉट इन) अर्ज भरायला एक रुपयाही लागत नाही, आणि गोठवलेली रक्कम सोडवण्यासाठी कोणताही पोलीस फोनवरून फाइलचे पैसे मागत नाही. फसलेल्या माणसाला पैसे परत मिळवून देण्याच्या नावाने पुन्हा फसवणे हा या धंद्याचा दुसरा हप्ता आहे. तुम्ही फेसबुकवर लिहिलेत म्हणून त्याला तुमचा पत्ता लागला असेल, किंवा पहिल्याच टोळीने तुमचा क्रमांक पुढे दिला असेल, दोन्ही घडते. त्याचा क्रमांक, बोलणे झाल्याची वेळ आणि त्याने पाठवलेले संदेश तक्रारीला जोडा. त्याला उत्तर देऊ नका, आणि राग आला तरी वाद घालू नका, कारण तुम्ही बोलता आहात एवढेच त्याला पुरेसे असते.

पैसे परत मिळण्याबद्दल मी तुम्हाला खोटी आशा लावणार नाही. माझी उमेद बँकेच्या नोकरीत गेली आहे, आणि काउंटरच्या या बाजूने मी जे पाहिले ते असे, की अशा रकमा एका खात्यात फार वेळ थांबत नाहीत. त्या पहिल्या खात्यातून दुसऱ्या, दुसऱ्यातून तिसऱ्या अशा खात्यांत फिरवल्या जातात, आणि ती खाती बहुधा कमिशनच्या मोहाने आपले पासबुक व एटीएम कार्ड दुसऱ्याच्या हाती देणाऱ्या गरजू लोकांची असतात. तुमच्या पडद्यावर ज्या भलत्या माणसाचे नाव आले, तो कदाचित असाच एखादा असेल. १९३० ची यंत्रणा या साखळीच्या मागे धावून जिथे रक्कम शिल्लक सापडेल तिथे ती रोखून धरते, म्हणून पहिल्या तासा-दोन तासांत केलेल्या तक्रारीला जी किंमत असते ती अकराव्या दिवशी उरत नाही. तरीही तक्रार वाया जात नाही. एखाद्या खात्यात काही रक्कम अडकून पडलेली असू शकते, आणि त्याच खात्याविरुद्ध दुसऱ्या जिल्ह्यात कोणी तक्रार केली असेल, तर तुमची तक्रारही त्या तपासाला जोडली जाऊ शकते. रक्कम रोखली गेली, तर ती हातात येण्यासाठी कधी न्यायालयात अर्जही करावा लागू शकतो, म्हणून तक्रारीचा पोचक्रमांक जपून ठेवा.

बँकेकडून किती अपेक्षा ठेवावी, याबद्दल गैरसमज फार आहेत. रिझर्व्ह बँकेने ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकात घालून दिलेल्या नियमाप्रमाणे, ग्राहकाचा आणि बँकेचा दोघांचाही दोष नसताना तिसऱ्याच कोणामुळे खात्यातून पैसे गेले आणि ग्राहकाने बँकेकडून सूचना मिळाल्यापासून तीन कामकाजाच्या दिवसांत कळवले, तर त्याच्यावर जबाबदारी येत नाही. तुमच्या बाबतीत पिन तुम्ही स्वतः टाकला आहे, त्यामुळे बँक हा व्यवहार तुमच्याच संमतीचा मानेल, आणि कळवण्यापूर्वी झालेले नुकसान बँक भरून देईल असे मला वाटत नाही. मात्र कळवल्यानंतर खात्यातून काही गेले, तर ते त्याच नियमाप्रमाणे बँकेच्या माथी आहे. म्हणून अर्जाची शिक्क्यासह पोच मागून घ्या. ती देण्यास कोणी कुरकुर केली तर शाखाधिकाऱ्यांना भेटा. बँकेने तीस दिवसांत उत्तर दिले नाही किंवा दिलेले उत्तर पटले नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे विनामूल्य तक्रार करता येते.

एक गोष्ट तुमच्या पत्रात सहज येऊन गेली आहे आणि तिच्याकडे बहुतेकांचे लक्ष जात नाही: ते परत आलेले दहा रुपये. ते ज्या खात्यातून आले, त्या खात्यावर दुसऱ्या कोणी तक्रार केली असेल, तर साखळीत तुमचेही खाते दिसेल, आणि एखाद्या परराज्यातील पोलिसांच्या पत्रावरून तुमच्या खात्यावर बंधन येऊ शकेल. तुमच्यासारखीला हे अन्यायाचे वाटेल, पण यंत्रणेला रकमेचा प्रवास दिसतो, माणसाचे मन दिसत नाही. म्हणून तक्रारीत पाच रुपये गेल्याचा, दहा आल्याचा आणि चोवीस हजारांच्या दोन्ही व्यवहारांचा, असे चारही बारा अंकी व्यवहार क्रमांक आपण होऊन लिहा.

मालवण पोलीस ठाण्यात जाताना पासबुकाची नोंद, स्क्रीनशॉट, त्या दोघांचे फोन क्रमांक, क्यूआर कोडचे चित्र आणि ओळखपत्राचा फोटो न्या. व्हॉट्सअ‍ॅपवरील संभाषण पुसू नका, कितीही लाज वाटली तरी. गुन्हा कोणत्या राज्यातून झाला हे ठाऊक नाही, म्हणून नोंद घेता येत नाही, असे कोणी म्हणाले, तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे हद्दीचा प्रश्न न आणता माहिती नोंदवून घ्यावी लागते, हे नम्रपणे सांगा. दुसरा असल्याचे भासवून फसवणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१९ खालचा गुन्हा आहे, आणि संगणक वा मोबाइल वापरून तेच केले तर माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम ६६-ड लागते. ही कलमे पाठ करायची गरज नाही, पण कागदावर लिहून नेलीत तर बोलणे लवकर मार्गाला लागते, असा माझा अनुभव आहे.

आता तुमचा तिसरा प्रश्न, जो तुम्ही शेवटी विचारलात, पण पत्रभर तोच बोचताना दिसतो. तुम्ही कशा फसलात?

आपल्या सिंधुदुर्गात दशावतार पाहत आपण मोठे झालो. रात्री राजा आणि सकाळी डोक्यावर बोजा, असे त्या कलावंतांबद्दल म्हणतात. मुकुट घातलेला माणूस उजाडल्यावर पेटारा उचलून पुढच्या गावची वाट धरणार आहे, हे समोर बसलेल्या पोरालाही ठाऊक असते. सोंग हे सोंग म्हणूनच रंगमंचावर येते. तुमच्या फोनवर आलेल्या सोंगाला रंगमंच नव्हता, एवढाच फरक, आणि तो फार मोठा आहे. त्यातून कोकणात घरटी नाही तरी वाडीटी कोणीतरी फौजेत असतो; महाड तालुक्यातले एक गाव तर फौजी आंबवडे याच नावाने ओळखले जाते. गणवेशातल्या माणसाशी भाड्यावरून घासाघीस करणे किंवा त्याच्याकडे दुसरा पुरावा मागणे तुम्हाला अशोभनीय वाटले. ठगाला तुमच्या अडाणीपणावर नव्हे, या आदरावर धंदा करायचा होता, आणि म्हणूनच त्याने व्यापारी किंवा डॉक्टर न होता सुभेदार व्हायचे ठरवले. त्याने पाठवलेले ओळखपत्र बनावट असेलच असे नाही. ते एखाद्या खऱ्या जवानाचे असू शकते, जो स्वतःच कधी तरी असाच फसला आणि आपल्या कार्डाचा फोटो देऊन बसला.

ते पाच आणि दहा रुपयेही नीट समजून घेण्यासारखे आहेत. यूपीआयमध्ये पैसे घेण्यासाठी पिन कधीच लागत नाही. पिन लागतो तो खात्यातून रक्कम बाहेर काढताना आणि शिल्लक पाहताना. क्यूआर कोड स्कॅन करणे म्हणजे ज्याचा तो कोड आहे त्याला पैसे द्यायला निघणे, मग फोनवरचा माणूस काहीही म्हणो. हे तुम्हाला एरवी ठाऊक आहे, कारण मालवणच्या बाजारात तुम्ही रोज तसेच पैसे देता. पण पाच दिल्यावर दहा आले, तेव्हा 'दिले की येतात' असा एक नवा नियम त्याने तुमच्या बोटांना शिकवला, आणि पुढचे चोवीस हजार तुमच्या बुद्धीने नव्हे तर त्या शिकवलेल्या बोटांनी पाठवले. दुसऱ्यांदा पाठवलेत ते तर निव्वळ पहिले सोडवण्यासाठी. गळाला लागलेला मासा ओढ घेतो तसा आतबट्ट्यात आलेला माणूस आणखी ओढ घेतो. त्याला मूर्खपणा म्हणणारा माणूस त्या जागी कधी उभा राहिलेला नसतो. मी स्वतः, बँकेतून निवृत्त झाल्यावर, रात्री साडेनऊला वीज तोडली जाणार असल्याचा संदेश वाचून त्यातल्या क्रमांकावर फोन लावला होता. पलीकडच्या माणसाने एक अ‍ॅप उतरवून घ्यायला सांगितले तेव्हा सौ. ने विचारले, "बिल तर मी पंधरा तारखेलाच भरलंय, मग हा कोण?" तेवढ्यावर मी वाचलो.

त्या प्रश्नात मला ओळखण्याची सगळी रीत दिसते. समोरचा जे दाखवतो त्यावरून त्याची ओळख पटवायची नाही. आपल्याला आधीपासून ठाऊक असलेल्या वाटेने आपण जाऊन ती पटवायची. बँकेचा माणूस असेल तर फोन ठेवून पासबुकावरच्या किंवा कार्डाच्या मागच्या क्रमांकावर आपण फोन करायचा, आणि तो क्रमांक गुगलवर शोधायचा नाही, कारण तिथे ठगांनीच आपले क्रमांक पेरून ठेवलेले असतात. हीच कसोटी 'मुंबईत तुमच्या मुलाला पोलिसांनी धरले आहे' या फोनलाही लागू पडते. चाकरमान्यांच्या म्हाताऱ्या आईवडिलांना तो येतो आणि कधी कधी मुलासारखाच रडका आवाजही ऐकवतो. फोन ठेवायचा आणि मुलाला त्याच्या नेहमीच्या क्रमांकावर लावायचा, तो लागला नाही तर सुनेला किंवा त्याच्या शेजाऱ्याला. 'डिजिटल अटक' म्हणून सीबीआय किंवा पोलीस असल्याचे भासवून लोकांना दिवस दिवस व्हिडिओ कॉलवर बसवून ठेवणाऱ्यांबद्दल पंतप्रधानांनी २७ ऑक्टोबर २०२४ च्या 'मन की बात'मध्ये सांगितले होते, ते सासूबाईंनीही ऐकले असेल. अशी अटक आपल्या कायद्यात अस्तित्वात नाही. अटक करायला पोलिसाला प्रत्यक्ष दारात यावे लागते. सुभेदार असो, सीबीआय असो की कस्टम, तीन खुणा बहुतेक वेळा सारख्या राहतात: फोन ठेवू देत नाहीत, कोणाला सांगू देत नाहीत, आणि आत्ताच्या आत्ता करायला लावतात. तुमच्या कॅप्टननेही तुम्हाला स्वयंपाकघरातून बाहेर एकांतात जायला सांगितले होते, असे तुम्ही नंतरच्या पत्रात लिहिलेत. सासूबाई चुलीपाशी होत्या, आणि त्यांनी काहीतरी विचारले असते, हे त्यालाही कळत होते.

धंदा बंद करायचे मनात आणू नका; पद्धत थोडी बदला. आगाऊ रक्कम घेण्यासाठी एक वेगळे बचत खाते ठेवा, त्यात हजार-दोन हजारांपेक्षा जास्त शिल्लक राहू देऊ नका, आणि फोनमधले यूपीआय फक्त त्याच खात्याला जोडा. घरखर्चाचे आणि बोटीच्या उत्पन्नाचे खाते फोनपासून दूरच बरे. खोली मागणाऱ्या प्रत्येकाला एकच संदेश पाठवा, की आगाऊ रक्कम आमच्या क्यूआर कोडवर किंवा खाते क्रमांकावर पाठवावी, आम्ही कोणाचाही कोड स्कॅन करत नाही. पैसे आल्याचा स्क्रीनशॉट हा पुरावा धरू नका. बँकेच्या अ‍ॅपमध्ये किंवा पासबुकात रक्कम दिसली तरच खोली राखून ठेवा. खरा फौजी याने दुखावला जाणार नाही. तो रजेवर फिरायला येताना स्वतःच्या खिशातूनच पैसे देतो, आणि लष्कराचे कोणतेही कार्यालय खोलीचे भाडे द्यायचे म्हणून घरमालकिणीकडून आधी पाच रुपये मागत नाही. अनोळखी क्रमांकावरून आलेली लग्नपत्रिका किंवा वाहतूक दंडाच्या चलनाची फाइल उघडू नका, हेही जाता जाता सांगतो, कारण तिच्या पोटात फोनच ताब्यात घेणारे अ‍ॅप दडलेले असू शकते.

आधार कार्ड आणि घराचे फोटो गेले, याची मात्र मला पैशांपेक्षा जास्त काळजी वाटते. उद्या कोणी तुमचेच सोंग घेऊन पुण्या-मुंबईच्या पर्यटकांकडून तुमच्या खोल्यांचे आगाऊ पैसे गोळा करील, आणि ते लोक सामानासह तुमच्या खळ्यात येऊन उभे राहतील. किनाऱ्यावर असे घडलेले आहे. म्हणून आपल्या निवासाचे नाव अधूनमधून गुगलवर आणि फेसबुकवर शोधून पाहा, दुसऱ्याच क्रमांकासह ते दिसले तर तेथे तक्रार करा, आणि पोलिसांना दिलेल्या अर्जात आधारचा फोटो गेल्याचा स्पष्ट उल्लेख करा, म्हणजे पुढे काही उद्भवले तर तुमची नोंद आधीची ठरेल. आधारचे बोटांचे ठसे व डोळ्यांची ओळख आधारच्या अ‍ॅपवरून किंवा संकेतस्थळावरून कुलूपबंद करता येते. जमले नाही तर १९४७ या क्रमांकावर विचारा. संचार साथी या सरकारी पोर्टलवर तुमच्या नावावर किती मोबाइल क्रमांक आहेत ते दिसते, आणि तुमचा नसलेला क्रमांक तिथूनच कळवता येतो. फसवणुकीच्या फोनची माहिती देण्याची चक्षू ही सोयही तिथेच आहे. तुमच्या नावावर कोणी कर्ज उचलले नाही ना, हे पाहण्यासाठी कर्जांची नोंद ठेवणाऱ्या सिबिलसारख्या पतमाहिती कंपन्यांकडून वर्षातून एकदा अहवाल फुकट मिळतो. यापुढे आधार मागितलाच, तर पहिले आठ अंक झाकलेली प्रत द्या.

यजमानांना अजून सांगितले नाही, असे तुम्ही लिहिले आहे. बोट किनाऱ्याला लागेल त्या दिवशी सांगा, आणि तक्रारीची पोच व बँकेचा शिक्का असलेला अर्ज समोर ठेवून सांगा. ते रागावतील, पण ते पैसे तुमच्या दोघांच्या कष्टाचे होते, आणि दुसरा फोन त्यांच्याच क्रमांकावर येण्याची शक्यता आहे. त्या वेळी त्यांना काही ठाऊक नसेल, तर अडीच हजार ते भरून बसतील.